गोल्फची काठी आणि मृदंगाची बैठक

पौष वद्य पंचमीच्या सकाळी तिरुवैयारु येथे कावेरीच्या तीरावर, त्यागराजस्वामींच्या समाधीसमोर उभारलेल्या मंडपात, दक्षिणेतील लहानथोर गायक-वादक समोरासमोर रांगा धरून जमिनीवर बसतात आणि नाट रागापासून आरंभ करून गौळ, आरभी, वराळी या मार्गाने श्रीरागापर्यंत पाच कृतींची ती सुप्रसिद्ध मालिका एकमुखाने गातात, तेव्हा त्या सोहळ्याचे वर्णन करणाऱ्याची दृष्टी साहजिकच त्यांच्या मुखाकडे, बोटांकडे आणि अर्धवट मिटलेल्या नेत्रांकडे जाते; त्यांच्या गुडघ्यांकडे, कटिभागाकडे आणि मानेच्या मुळाशी ताठरलेल्या स्नायूंकडे सहसा कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढेच पाहणार आहोत. १८४७ साली ज्या तिथीला त्या वाग्गेयकाराने देह ठेवला, त्या तिथीला इतर विवेचकांनी त्याच्या भक्तीचे आणि रागरचनेचे चिंतन करावे हे योग्यच आहे. परंतु ज्या हाडामांसाच्या देहांतून ती रचना आज उमटते, त्या देहांचाही थोडासा जमाखर्च कोणी तरी मांडला पाहिजे.

त्या दिवशी मंडळी पहाटेपासूनच जमू लागतात. तिरुमंजन वीथीवरील त्यागराजांच्या घरापासून उंछवृत्तीची, म्हणजे भिक्षा मागत फिरण्याची, भजनदिंडी समाधीपर्यंत येते, नागस्वराचे मंगल स्वर उठतात, मंडपात माणूस माणसाला खेटून बसतो, आणि एकदा मांडी घातली की पाचवी कृती संपेपर्यंत ती मोडण्याची मुभा नसते. कारण दोन्ही बाजूंस शेजाऱ्यांचे गुडघे आणि पुढ्यात कोणाचे तरी वाद्य. या पाच कृती, म्हणजे पंचरत्ने, हा म्हटले तर तासाभराचा मामला. पण हे कलावंत ताजेतवाने होऊन येथे येत नाहीत. डिसेंबरच्या मध्यापासून मद्रासेत मार्गळी महिन्याचा संगीतहंगाम चालतो, त्यात दोन-दोन अडीच-अडीच तासांच्या मैफिली, काहींच्या बाबतीत दिवसाला एकाहून अधिक, पार पडतात, आणि त्या शिणाचे ओझे पाठीवर घेऊनच पुष्कळ जण कावेरीकाठी सेवेची हजेरी लावण्यास येतात. सेवा म्हटली की दुखण्याचा उच्चारही करावयाचा नाही, असा एक अलिखित दंडक आहेच.

मराठी वाचकास या गावाविषयी आस्था वाटण्याचे कारण निराळे सांगावयास नको. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरचा कबजा घेतल्यापासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची गादी होती, आणि तिरुवैयारु त्याच मुलखातले. त्यागराजस्वामींच्या हयातीचा मोठा भाग सरफोजीराजांच्या कारकीर्दीत गेला. आणि मराठी कीर्तनपरंपरेतून तंजावरास जी कथा-भजनाची पद्धती रूढ झाली, तिच्या साथीला बसूनच मृदंगाचे वादन पुष्कळसे घडत गेले. तंजावर घराण्याच्या मृदंगवादनाचा मूळपुरुष म्हणून ज्या नारायणस्वामी अप्पांचे नाव आदराने घेतात, ते मराठी कुळातलेच. तेव्हा मृदंगवादकाची कंबर दुखते ही बाब आमच्या दृष्टीने अगदीच परमुलखातली नव्हे.

आता ही बैठक जरा जवळून पाहू. उजव्या हाताने वाजविणारा मृदंगवादक डावा पाय दुमडून तो वाद्याच्या खोडाला टेकवितो, उजवा पाय किंचित पुढे पसरतो आणि त्या पायाच्या घोट्यावर फणसाच्या लाकडाचे ते जड खोड तोलून धरतो. म्हणजे दोन्ही मांड्यांच्या सांध्यांची अवस्था एकसारखी नसते; एक पुरता वळलेला, एक अर्धवट उघडा; आणि या असमान पायावर कण्याने सरळ उभे राहावयाचे असते. उजव्या पुडीवर बोटांची द्रुत आणि नाजूक कामगिरी, डाव्या पुडीवर तळव्याचा भारदस्त आघात. एका हाताचा कष्ट दुसऱ्यासारखा नाही. व्हायोलिनवादकाची तऱ्हा त्याहून विलक्षण. पाश्चात्त्य वादक आपले वाद्य हनुवटी आणि खांदा यांच्या चिमट्यात धरतो, तर आपल्याकडे, बालुस्वामी दीक्षितर आणि वडिवेलु यांच्या काळापासून हे परदेशी वाद्य कर्नाटक संगीतात रुळल्यावर, वादक जमिनीवर बसून वाद्याचे शीर्ष उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवितो आणि मागची बाजू छातीशी घेतो. या धारणेने मानेचा चिमटा सुटला आणि डावा हात गमकांसाठी मोकळा झाला, हा लाभ मोठाच. पण त्याची किंमत पाठीने चुकविली, कारण घोट्यापर्यंत पोहोचलेल्या वाद्याकडे धड थोडे वाकलेले आणि एका अंगाला कललेले राहते. वीणावादकाचा डावा हात दांडीखालून वळसा घेऊन पडद्यांवर येतो आणि तार ओढून स्वर चढविताना बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत ताण पोहोचतो. जवळच खोबरेल तेलाची वाटी ठेवून बोटे वारंवार बुडविण्याची चाल आहे, ती त्वचेपुरती उपयोगी, त्याखालच्या स्नायूंपर्यंत तिचा अंमल चालत नाही. आणि तवील नावाच्या ढोलाचा वादक! उजव्या हाताच्या बोटांवर कडक टोपणे, डाव्या हातात आखूड दांडके, खांद्यावरून पट्टा, आणि मिरवणुकीत उभ्याने वाजविणे. एकाच माणसाच्या दोन हातांनी दोन भिन्न धंदे करावेत असा हा प्रकार.

सारांश, यांतले प्रत्येक काम एकांगी, पुनरावृत्तीचे आणि सूक्ष्म अचूकतेचे आहे. नेमकी हीच तीन लक्षणे ज्या खेळात एकवटली आहेत आणि ज्या खेळाने त्यांचे दुष्परिणाम मोजून-मापून पाहिले आहेत, त्याचे नाव गोल्फ. तिरुवैयारूच्या भातखाचरांत त्या खेळाचे मैदान शोधण्यास कोणी जाणार नाही. पण हा खेळ हिंदुस्थानास नवा नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा, म्हणजे सरफोजीराजे आणि त्यागराजस्वामी दोघेही हयात असतानाचा. आमच्याकडे येरवड्यास आणि चेंबुरास मोठी मैदाने आहेत. निवृत्त अंमलदारांनी हिरवळीवर केलेली शतपावली, अशी या खेळाविषयी जी समजूत सामान्यतः दृढ आहे, ती शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र सपशेल चुकीची म्हणावी लागेल.

चेंडू निश्चल असतो, खेळाडू निश्चल उभा असतो, आणि मग एक-दीड सेकंदाच्या अवधीत सारा देह उजवीकडे पिळवटून पुन्हा डावीकडे सुटतो. काठी मागे नेताना खांदे सुमारे ९० अंशांत वळतात, कटिप्रदेश त्याच्या निम्म्याने. आणि हा जो फरक उरतो, त्या पिळातून शक्ती निर्माण होते. प्रश्न असा की हा पीळ कण्याच्या कोणत्या भागाने सोसावयाचा? कंबरेच्या पाच मणक्यांची घडण पुढे-मागे वाकण्यासाठी आहे, वळण्यासाठी नव्हे. त्या सर्वांचे मिळून वळणे एका बाजूस दहा-पंधरा अंशांपलीकडे जात नाही. वळण्याची खरी नेमणूक निसर्गाने वर छातीच्या मणक्यांकडे आणि खाली मांडीच्या खुब्यांकडे दिली आहे. हे दोन कामगार बैठ्या उद्योगाने आखडले, तर त्यांचे काम मधल्या कंबरेवर पडते, आणि जे काम आपले नव्हे ते रोज शंभरदा करणारा अवयव लवकरच राजीनामा देतो. फटक्याच्या क्षणी कमरेच्या मणक्यांवरील दाब शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट होतो असे मापनांत आढळले आहे. पाठीचे दुखणे हे गोल्फपटूंच्या तक्रारींत अग्रस्थानी असते यात मग नवल ते काय. आणि ज्या व्यावसायिक खेळाडूंना पूर्वी पाठीचा त्रास झाला होता, त्यांच्या पुढच्या पायाचा खुबा आतल्या बाजूस कमी वळतो, असेही अभ्यासकांना दिसले आहे. दुखणे कमरेत, पण त्याचे मूळ खुब्यात.

कोपराच्या आतल्या हाडाशी, जेथे मनगट व बोटे मिटणाऱ्या स्नायूंची दोरी बांधलेली असते, तेथे उद्भवणाऱ्या वेदनेस तर या खेळाचेच नाव मिळाले आहे. गंमत अशी की, काठी कधी हाती न धरलेल्या सुतारास, स्वयंपाकिणीस आणि मृदंगवादकास तीच व्याधी जडू शकते.

या खेळाडूंनी यावर उपाय काय केला? पुष्कळांनी प्रथम काहीच केले नाही. ऑस्ट्रेलियात हजाराहून अधिक हौशी गोल्फपटूंना खेळापूर्वी काय करतात म्हणून दुरून न्याहाळले, तेव्हा निम्म्याहून थोड्याच अधिकांनी काही तरी तयारी केलेली दिसली, आणि त्यांतल्या बहुतेकांची तयारी म्हणजे हवेत दोन-चार वेळा काठी फिरविणे. पुढे २००४ साली त्याच संशोधकांनी एका लहान गटाकडून काही आठवडे नियमाने हालचालींचा आणि ताणण्याचा क्रम करवून घेतला, तेव्हा त्यांच्या काठीचा वेग लक्षणीय वाढला. क्रम न करणाऱ्यांचा होता तेथेच राहिला. गट लहान होता, हे ध्यानात ठेवूनही निष्कर्ष दुर्लक्षणीय नाही.

परंतु येथेच सावध झाले पाहिजे. ताणण्याचे म्हणून जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते, म्हणजे एक स्नायू लांबवून तो तसाच निश्चल धरून ठेवणे, ते खेळापूर्वी केले असता लाभाऐवजी हानीच होते असे आढळले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण स्पर्धक गोल्फपटूंनी मारण्यापूर्वी असे दीर्घ, निश्चल ताण दिले, तेव्हा काठीचा वेग, चेंडूचे अंतर आणि नेमकेपणा हे तिन्ही घटले. एकाच स्नायूला मिनिटापेक्षा अधिक काळ ताणून धरले की त्याची तत्काळ शक्ती काही वेळ मंदावते, ही गोष्ट इतर खेळांतही पुन्हा पुन्हा दिसून आली आहे. इजा टाळण्याचे म्हणाल तर तेथेही भोळा विश्वास टिकत नाही. २००० साली ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातील १५३८ नव्या शिपायांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांनी कवायतीपूर्वी पायांचे स्नायू ताणले, निम्म्यांनी नाही. दोन्ही गटांतील इजांचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. २०१४ साली २५ प्रयोगांतील २६ हजारांवर व्यक्तींचा एकत्र हिशेब केला गेला, त्यात केवळ ताणण्याने इजा कमी झालेल्या दिसल्या नाहीत. स्नायूंचे बळ वाढविणाऱ्या व्यायामाने मात्र त्या एकतृतीयांशाहूनही कमी झाल्या.

मग ताणणे सोडून द्यावे काय? आमचे मत तसे नाही. ज्याला वळावयाचे आहे त्याचा सांधा वळण्याइतका मोकळा असलाच पाहिजे, आणि तो मोकळेपणा आठवड्यांच्या सावकाश, निश्चल ताणण्याने मिळतो. चूक उपायात नसून वेळेत आहे. कामापूर्वी हवी ती हालचाल, रक्त खेळविणारी, हळूहळू वाढत जाणारी. काम संपल्यावर, किंवा स्वतंत्र वेळी, हवे ते धरून ठेवलेले ताणणे. आणि या दोहोंच्या मागे हवे ते बळ. ही तीन खाती निरनिराळी ठेवली की गोंधळ उरत नाही. गोल्फपटूंनी, निदान शहाण्या गोल्फपटूंनी, हा हिशेब समजून घेतला. वादकांनी तो अद्याप उघडलेलाच नाही.

पाश्चात्त्य देशांत वादकांच्या दुखण्यांची मोजदाद झाली आहे. १९८६ साली अमेरिकेतील ४८ मोठ्या वाद्यवृंदांची पाहणी झाली, तीत उत्तरे देणाऱ्या २२१२ वादकांपैकी ७६ टक्क्यांनी आपल्या वादनावर परिणाम करण्याइतके किमान एक दुखणे असल्याचे सांगितले. शूमानसारख्या श्रेष्ठ रचनाकाराची पियानोवादनाची उमेद ऐन तारुण्यात उजव्या हाताच्या बोटाने धुळीस मिळविली, ही कथा संगीताच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. खुर्चीवर बसणाऱ्यांची ही स्थिती, तर तासन् तास जमिनीवर बसणाऱ्यांनी आपले सांधे बिनतक्रार चालतील असे कोणत्या भरवशावर मानावे? पण आपल्याकडे दुखणे सांगितले तर पुढचे आमंत्रण हुकेल ही भीती, आणि सांगितलेच तर गुरूने साधनेत एवढे चालायचेच म्हणून बोळवण करणे, या दोन कारणांनी ते झाकलेलेच राहते. दुसऱ्या कारणाविषयी आम्हांस विशेष राग आहे. साधनेने हात कठीण होतो हे खरे. पण बोटाला पडलेला घट्टा आणि मनगटात दबलेली नस यांतला भेद न ओळखणारा गुरू कितीही थोर वादक असला तरी या बाबीपुरता अडाणीच.

वास्तविक वादकाच्या देहाकडे लक्ष देण्याचा धडा आमच्या पुण्याने साऱ्या जगाला घालून दिलेला आहे. १९५२ साली विख्यात व्हायोलिनवादक यहूदी मेन्युहिन हिंदुस्थानात आले, तेव्हा अहोरात्रच्या दौऱ्यांनी त्यांचा देह पार थकून गेलेला होता. मुंबईत त्यांची गाठ पुण्यास स्थायिक झालेले योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी पडली. मोजक्या मिनिटांची ठरलेली भेट लांबली, आणि तीतून जो शिष्यभाव निर्माण झाला तो आयुष्यभर टिकला. मेन्युहिन यांनी त्यांना युरोपात नेले, एक घड्याळ भेट देऊन त्यावर आपले सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षक असा त्यांचा उल्लेख कोरविला, आणि १९६६ साली अय्यंगारांचा योगावरील ग्रंथ निघाला त्यास प्रस्तावना लिहिली. ज्याने व्हायोलिन शिकविले नाही, त्यास व्हायोलिनचा गुरू म्हणण्यात मेन्युहिन यांची अतिशयोक्ती नव्हती. वाद्य धरणारा खांदा सुटला की गज आपोआप सुटतो, हे त्यांना उमगले होते. अय्यंगारांच्या पद्धतीतील एक क्षुल्लक दिसणारी वस्तू तर मंडपातल्या प्रत्येक वादकाने उचलावी अशी आहे. ती म्हणजे घडी घातलेले कांबळे. मांडी घातल्यावर ज्याच्या मांडीमागच्या शिरा आखडलेल्या असतात त्याचा कटिभाग मागे कलतो, कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो, आणि मग सारा कणा कुबड काढतो. बुडाखाली चार बोटे उंचीची घडी सरकविली की कटिभाग पुढे झुकतो आणि पाठ बळजबरी न करता उभी राहते.

हालचालींच्या क्रमाविषयी तर तंजावरास परमुलखाकडे पाहण्याचीही गरज नाही. सरफोजीराजांच्या दरबारी पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार बंधू होते. भरतनाट्याच्या अडवूंची, म्हणजे मूळ नृत्यपाठांची, जी शिस्तबद्ध मांडणी आज सर्वत्र शिकवितात ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. नर्तकीस एकेक अडवू प्रथम विलंबित, मग त्याच्या दुपटीने, मग चौपटीने, अशा तीन काळांत करावयास लावतात. गायकाची सरळी वरिसै, म्हणजे आरंभीचे स्वरपाठ, तीही तीन काळांतच घोटली जाते, आणि मृदंगाचे पाटही त्याच वाटेने बसतात. गती सावकाश चढविणे, म्हणजे ज्याला आधुनिक व्यायामशास्त्र कामापूर्वीची तयारी म्हणून मोठ्या थाटाने सांगते, ते तत्त्व या मातीत रोजच्या पाठातच मुरलेले आहे. फरक इतकाच की नर्तकीने ते साऱ्या अंगाला लावले आणि वादकाने केवळ बोटांना. ज्या सरफोजीराजाने धन्वंतरी महाल ही वैद्यकीय संस्था चालविली आणि नेत्ररोग्यांच्या सचित्र नोंदी ठेवविल्या, त्याच्या ध्यानात ही उणीव आली असती तर तिचीही काही तजवीज त्याने करविली असती, असे आपले आम्हांस वाटते.

तेव्हा वादकाने करावे काय? मैफिलीपूर्वी पाच-दहा मिनिटे चालावे; तिरुवैयारूसारख्या ठिकाणी तर घाट जवळच आहे. अंगात थोडी ऊब आली की उभ्यानेच दोन्ही खांदे मागच्या अंगाने गोल फिरवावेत, हात श्वासाबरोबर वर न्यावेत आणि सोडावेत. मग पाय खांद्यांइतक्या अंतरावर ठेवून, हात छातीवर आडवे घेऊन, धड डावीकडे-उजवीकडे वळवावे. गोल्फपटू हेच काठी खांद्यांवर आडवी धरून करतात. पहिली काही आवर्तने विलंबित, वळणे अर्ध्यावर, पुढची मध्यम, शेवटची जरा द्रुत आणि पूर्ण, पण कोठेही झटका नाही. दृष्टी धडाबरोबर वळावी, आणि टाचही किंचित वळू द्यावी, म्हणजे पीळ कमरेत न अडकता खुब्यापर्यंत उतरतो. मंडपाच्या खांबाला हात धरून एकेक पाय पुढे-मागे सोडावा. शेवटी मनगटे दोन्ही दिशांनी फिरवावीत, मुठी वळाव्यात व उघडाव्यात. यांतले काहीही आठ-दहा वेळांहून अधिक करण्याचे कारण नाही. वादकाने वादनापूर्वीच दमून जावे असा हेतू नाही.

वादनानंतरचा क्रम निराळा आणि सावकाश. उताणे पडून आपलेच अंगवस्त्र तळपायाच्या कमानीत अडकवावे आणि गुडघा सरळ ठेवून पाय वर ओढावा. मांडीमागे ताण जाणवेल, पण वेदना नाही, अशा जागी वीस ते तीस सेकंद थांबावे, श्वास चालू ठेवावा, मग दुसरा पाय. पुढे एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून ती मांडी छातीकडे घ्यावी; मांडी घालून आखडलेला खुबा याने मोकळा होतो. उभे राहून, हात कोपरात दुमडून तो खांबाला टेकवावा आणि छाती किंचित पुढे न्यावी, म्हणजे वाद्यावर ओणवून आत ओढलेले खांदे उघडतात. हात समोर लांब करून, तळवा वर ठेवून, दुसऱ्या हाताने बोटे हळूच खाली-मागे ओढावीत; कोपराच्या आतल्या बाजूस जो ताण पोहोचतो तो गोल्फपटू आणि मृदंगवादक या दोघांनाही सारखाच हितकर आहे. मग तळवा खाली करून हात उलट वाकवावा.

बळाचे खाते सूर्यनमस्काराने पुष्कळसे भरते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्याचा जो प्रसार केला त्याचे ऋण महाराष्ट्र विसरलेला नाही. पण त्यात एक गोष्ट नाही, आणि सूर्यनमस्काराच्या अभिमान्यांनी रागावू नये म्हणून ती हलकेच सांगतो: देह त्यात पुढे आणि मागेच जातो, वळत कधीच नाही. म्हणून नमस्कारांच्या शेवटी भारद्वाजासन किंवा मरीच्यासन यांसारखा एखादा पिळाचा प्रकार दोन्ही बाजूंनी करावा. आणि ज्या बाजूस वादनात आपण कधी वळत नाही, त्या बाजूस थोडा अधिक वेळ द्यावा.

एक इशारा मात्र निक्षून. रात्री झोपेत हाताला मुंग्या येत असतील, बोटांतली जाण कमी झाली असेल, पकड सुटत असेल, किंवा कमरेतली कळ पायात उतरत असेल, तर ताणून ती जाईल या भ्रमात राहू नये. दबलेली नस ताणल्याने अधिक चिडते. तेथे वैद्याचाच सल्ला हवा, आणि तोही लवकर.

वेळ नाही, ही तक्रार नेहमीचीच. पण मैफिलीच्या आरंभी मृदंगवादक दगड आणि लाकडाचा ठोकळा घेऊन पुडीच्या कडेवर आघात करीत स्वर मिळवीत बसतो, डाव्या पुडीवर रव्याचा ओला लेप चढवितो, तंबोरा पुन्हा पुन्हा कानाला लावला जातो. या अवधीत गायकाला आणि व्हायोलिनवादकाला बसल्या जागी खांदे फिरविण्यास, मान दोन्ही अंगांना कलविण्यास कोण मना करतो? आणि कार्यक्रम संपल्यावर मृदंगवादक तोच रवा पुडीवरून खरवडून काढल्यावाचून वाद्य गवसणीत घालीत नाही, कारण लेप वाळून राहिला तर चामडे बिघडेल हे त्याला पक्के ठाऊक असते. रवा निघाला की गवसणी बांधण्यापूर्वी हात लांब करून बोटे मागे ओढावीत, एकेका हाताला अर्धे मिनिट. मग बसची वेळ झाली असली तरी हरकत नाही, पायांचे ताणणे मुक्कामी पोहोचून सतरंजीवर करता येते.